पिवळा पेंडा

कारेगाव, ता. शिरूर
११ जुलै २००४

सोजराई नर्सरी, यवत
मालकांना रामराम.

मी मल्हारी कोकरे. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत बागकामाला हाय. मागल्या साली आमच्या साहेबांनी तुमच्याकडनं गोल्डन पेंडा नावाची सहा झाडं आणली आन् मी ती गेटच्या दोन्ही अंगाला तीन-तीन लावली. तुमच्या माणसानं सांगितलं हुतं का पिवळी जर्द फुलं येत्यात, झुडूप नुसतं पेटल्यावानी दिसतं. फुलाचं ऱ्हाऊ द्या, आता पानंच पिवळी पडाया लागली. नवं पान येतं ते तर पांढरट, नुसत्या शिरा हिरव्या. खत घातलं, पाणी वाढवलं, फवारलं. जेवढं करावं तेवढं झाड मागं जातंय.

साहेब म्हणाले, "दिवाळीला मोठे लोक येणार आहेत, त्याआधी हे काढून पाम लावून टाका." काढायचं काम मलाच करावं लागंल. स्वतः लावलेलं झाड जित्तं असताना उपटायचं म्हंजी हात उचलत न्हाई.

तुमच्याकडं तीनदा फोन लावला. तिन्ही येळा एकच उत्तर, "पेंड्याचं गिताबाईंना माहीत, त्यांना पत्र टाका." मग त्यांनाच बोलवा म्हणलं तर "त्या फोनवर येत नाहीत." दुकानात फोन ठेवायचा आन् गिऱ्हाइकाला पोस्टात पाठवायचं, ही रीत मी पहिल्यांदा बघितली. पण झाडाचा जीव जातोय म्हणून लिवतोय. काय उपाव असंल तर कळवावा.

मल्हारी कोकरे

*

यवत
१७ जुलै २००४

मल्हारीभाऊ कोकरे यांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं. फोनचा त्रास झाला, त्याला इलाज नाही. पत्राला मात्र मी नक्की उत्तर देते.

तुमच्या झाडांना पाणी कमी पडलेलं नाही, पाणीच बाधलंय. बोअरचं घालताय ना? पाइपच्या तोंडाशी पांढरा थर साचतो का बघा. तिकडच्या पाण्यात क्षार फार, आणि जमीन चुनखडीची. पेंडा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या पावसाळी जंगलातला. त्याला आंबूस माती लागते. खत कितीही घाला, अशा मातीत त्याला ते घेताच येत नाही. ताट समोर आहे आणि तोंड बांधलंय, अशी गत.

असं करा. खोडाभोवतीची वीतभर माती उकरून काढा. मुळं दुखवू नका. तिथं कुजलेला पालापाचोळा आणि जुनं खत भरा. पंधरा दिवसांतून एकदा, दहा लिटर पाण्यात दोन चमचे हिराकस, म्हणजे लोहाची हिरवट पूड, आणि एक लिंबू पिळून घाला. कंपनीच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी कुठं साठवता आलं तर बोअरचं बंदच करा.

झाड परदेशी असलं तरी आपल्या पेरू-जांभळाच्या भावकीतलंच आहे. चिवट आहे. पण मनावर घ्यायला वेळ लावतं. माझ्याकडचं मूळ झाड १९९६ साली आलं. माझे थोरले बंधू बापूसाहेब बंगळूरला गुलाबाची रोपं आणायला गेले होते, तिथून हे एकच आणलं. पाच वर्षं त्याला फूल नव्हतं. इथली माणसं त्याला मुकं झाड म्हणायची. सहाव्या वर्षी फुललं ते असं, की हायवेवरचे ट्रकवाले गाडी उभी करून बघायला यायचे. तुमची सहाही त्याच्याच फांद्यांवर मी गुटी बांधून केलेली आहेत.

साहेबांना सांगा, एक वर्ष द्या. उपटू नका.

गिताबाई मेमाणे

*

कारेगाव
३ ऑक्टोबर २००४

गिताबाईंना रामराम.

तुमी सांगितलं तसं केलं. साहेबांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं हुतं, पण एक साल मिळालं. कॅन्टीनच्या पत्र्याला पन्हळ लावून दोन टाक्या भरून ठेवल्या. सहातल्या पाचांना हिरवी पानं आली. कवळं पान आधी तांबूस येतं आन् मग हिरवं हुतं, हे मला माहीत नव्हतं. सहावं अजून रुसलंय. त्याच्याकडं मी सगळ्यात आधी जातो.

फोनवरनं मी वाकडं लिवलं हुतं, मनात ठिवू नका.

माझं म्हणाल तर मी मूळचा मलठणचा. वाडवडील मेंढरं राखायचे. मीबी पंधरा-सोळा वर्सांचा हुईपर्यंत बापासंगं रानोमाळ फिरलो. आठ-आठ दिवस माणूस दिसत नसे, पण एकटं कवा वाटलं न्हाई. हितं शिफ्ट सुटली का गेटातनं दोन हजार माणूस जातं. मी तिथंच पाणी घालत असतो. कोण थांबत न्हाई. त्यांचंबी बरोबर हाय, बस गाठायची असती. मंडळी वारल्याला नऊ वर्सं झाली. एक पोरगी हाय, सोनम, सांगलीकडं दिली. ती दर महिन्याला येती, चार दिवस ऱ्हाती, चटणी-लोणचं करून ठिवती. त्यामुळं तसं काय कमी न्हाई.

येत्या सतरा तारखेला रविवार हाय. यवतला येऊन तुमचं मोठं झाड बघावं म्हणतो. तुमालाबी भेटणं हुईल.

मल्हारी

*

कारेगाव
१८ ऑक्टोबर २००४

गिताबाई मेमाणे यांना,

काल येऊन गेलो. तुमाला ठावं असंलच.

गेटावरच्या माणसाला इचारलं, त्यानं शेडकडं बोट केलं. तुमी पाठमोऱ्या बसला हुता, पुढ्यात फांद्या, हातात सुतळी. मी म्हणलं, "गिताबाई, मी मल्हारी, कारेगावचा." तुमी मान वळवली न्हाई. अजून जरा मोठ्यानं म्हणलं. तिसऱ्यांदा म्हणलं. चौथ्या येळंला बाजूला पिशव्या भरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसाया लागल्या. तुमी आपल्या सुतळीला गाठ मारत हुता.

पत्रात भाऊ म्हणायचं आन् दारात आल्यावर वळून बघायचं न्हाई. बागकाम्याशी बोलायचं नसंल तर तसं लिवायचं. मी आलोच नसतो.

भावाच्या मेंढरांच्या वाड्यातलं लेंडीखत एक पोतं आणलं हुतं, तुमच्या झाडासाठी. परत न्यायचं कुठं म्हणून शेडच्या खांबाला टेकवून आलो. मोठं झाड बघायचं ऱ्हाऊन गेलं.

मल्हारी कोकरे

*

यवत
२२ ऑक्टोबर २००४, दसरा

मल्हारीभाऊ,

मला ऐकू येत नाही.

हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. चौदाव्या वर्षी मोठा ताप आला, सातवीची परीक्षा झाल्यावर. महिन्याभरानं उठले तेव्हा घरात सगळे तोंड हलवत होते आणि आवाज कुणाचाच नव्हता. मला वाटलं, आजारी माणसाजवळ हळू बोलतात. तेव्हापासून काहीच ऐकू आलेलं नाही. बोलता येतं, पण माझा आवाज कसा निघतो ते मला कळत नाही. ऐकणाऱ्यांच्या तोंडावरून कळतं. म्हणून बोलणंही सोडलं.

तुम्ही हाका मारल्या तेव्हा बाया तुम्हाला हसत नव्हत्या. नवा माणूस माझ्या पाठीशी हाका मारतो ही त्यांची नेहमीची गंमत आहे. संध्याकाळी उठले तर खांबाशी पोतं. वासावरूनच कळलं लेंडीखत आहे, आणि असं खत घेऊन एसटीनं येणारा दुसरा कोण असणार? पळत गेटावर गेले. तुम्ही कधीच गेला होता.

लपवलं का, ते सांगते. माझं लग्न झालं होतं. अकरा महिने नांदले. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, दार वाजलेलं कळत नाही, रडणारं मूल उद्या हिला कसं कळणार, असं म्हणून माहेरी आणून सोडलं. त्याला सोळा वर्षं झाली. इथं सगळ्यांना माझं बहिरेपण आधी दिसतं, मी नंतर. तुमची पत्रं यायला लागली तेव्हा तीन महिने मी नुसती झाडाची माणूस होते. ते घालवावंसं वाटलं नाही. चूक माझी आहे.

खत मूळ झाडालाच घातलं. तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगते, झाड माझ्या डोक्याच्याही वर गेलंय, हायवेच्या कुंपणाला लागून आहे. सध्या कळ्या आहेत. बारीक, हिरव्या, मिऱ्याएवढ्या.

गिताबाई

*

कारेगाव
७ नोव्हेंबर २००४

गिताबाईंना रामराम.

पत्र येऊन आठ दिवसांवर झालं. रोज काढून वाचलं आन् परत ठिवलं. मी चार हाका मारल्या आन् पाचवी मारायच्या आत रागावून निघालो. चार पावलं पुढं जाऊन समोर उभा ऱ्हायलो असतो तर काम झालं असतं. मेंढरामागं हिंडलेल्या माणसाला एवढी अक्कल पायजे हुती.

तुमी खरं सांगितलं, म्हणून मीबी सांगतो. सोनम दर महिन्याला येत न्हाई. तीन वर्सं झाली, आली न्हाई. भांडण काय न्हाई, पण तिच्या लग्नानंतर मी तिकडं जाईन जाईन म्हणलो आन् गेलो न्हाई. तिला वाटलं बापाला गरज न्हाई. मग तिचंबी यायचं ऱ्हायलं. चटणी-लोणचं दुकानातलं असतं. खोलीवर गेल्यावर रेडिओ लावतो, बातम्या सांगणारा "नमस्कार" म्हणतो, त्याला मी नमस्कार म्हणतो. हे कुणाला सांगितलं न्हाई. तुमी हसला तरी चालंल.

सहाव्या झाडाला दोन पानं आली.

मल्हारी

*

यवत
१४ जून २००५

मल्हारीभाऊ,

मेमधल्या तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. इकडं घडामोडी झाल्यात.

हायवे रुंद होणार म्हणून मोजणीची माणसं आली होती. नर्सरीचा पुढचा पट्टा जातोय. कुंपणापासून आत दगड रोवलेत, त्यांना लाल रंग दिलाय. मूळ पेंडा दगडाच्या बाहेर, रस्त्याच्या हद्दीत गेला. मी टेप घेऊन तीनदा मोजलं. सात फूट बाहेर.

दादा, म्हणजे बापूसाहेब, म्हणतात, उरलेल्या जागेत नर्सरी परवडणार नाही, गाळे काढू. आई आणि मी खुटबावच्या मळ्यातल्या घरी राहायचं. दादा वाईट नाहीत. माझ्या वाट्याला कुणी वेडंवाकडं बोललं तर ते भांडून येतात. पण मी लिहून दाखवलं, मळ्यात विहिरीजवळ दोन गुंठे मला द्या, मी माझी रोपं करीन. त्यावर ते म्हणाले, "गिता, गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी बोलणार कोण?" मी पाटीवर लिहिलं, पत्रानं बोलेन. ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. शेवटी म्हणाले, "पेंड्याची वीस रोपं जगवून दाखव, मग बघू."

एवढं मोठं झाड उपटून नेलं तर जगणार नाही. काल मी चाळीस गुट्या बांधल्या. पण झाड जून झालंय. मागच्या वेळी पाचातली एक लागली होती. म्हणून तुम्हाला मागणं आहे. तुमच्या सहा झाडांवर बांधाल का? ती तरणी आहेत, लवकर मुळं धरतील.

पेन्सिलीएवढी जाड, सरळ फांदी निवडा. पानांच्या खाली, धारदार चाकूनं अंगठ्याच्या पेराएवढी साल गोल काढा. आतलं पांढरं लाकूड दुखवू नका, पण वरचा हिरवा बुळबुळीत थर नीट खरवडा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मूळ फुटत नाही. सोबत मुळं फुटायची पावडर पुडीत पाठवलीय. ती वरच्या कडेला लावा. मग भिजवून पिळलेलं शेवाळ मुठीएवढं गुंडाळा, वर प्लास्टिक, आणि दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट. पाणी आत जाता कामा नये. तीन महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली, की खाली कापा.

दिवाळीनंतर काम सुरू होईल म्हणतात. एक पावसाळा हातात आहे.

गिताबाई

*

कारेगाव
९ ऑक्टोबर २००५

गिताबाईंना रामराम.

बत्तीस बांधल्या हुत्या. दोन गुट्या वाऱ्यानं मोडल्या, धा कुजल्या कारण माझी पहिली बांधणी ढिली हुती, नऊला नुसती गाठ आली आन् मूळ न्हाई. अकरा लागल्या. प्लास्टिकातनं पांढऱ्या मुळ्या दिसल्या तवा मी एकटाच हसलो. वॉचमननं इचारलं काय झालं. म्हणलं, बाळंतपण.

अकराही पिशवीत लावून कॅन्टीनमागं सावलीला ठिवलीत. गेटातनं न्यायचं अवघड हुतं, आतली काडी बाहेर जाऊ देत न्हाईत. साहेबांना खरं तेच सांगितलं, का यवतच्या ज्या बाईनं झाडं वाचवली तिला पायजेत. ते म्हणाले, "मग पास बनवा." पासवर लिवलंय, बागेतला कचरा, अकरा नग.

आन् मुख्य सांगायचं ऱ्हायलं. फूल आलं. आधी गेटच्या डाव्या अंगाच्या मधल्याला. मला वाटलं हुतं फूल म्हंजी पाकळ्या. ह्यो तर नुसता पिवळ्या तारांचा झुबका, एका गोळ्यात असे पंधरा-वीस झुबके. लहान लेकराच्या जावळासारखा मऊ. सकाळच्या शिफ्टला लोक थांबले. एक जण म्हणला, "मामा, हे काय झाड?" मी नाव सांगितलं. दुसऱ्यानं इचारलं, त्यालाबी सांगितलं. संध्याकाळपर्यंत शंभरदा तरी सांगितलं असंल. घसा बसला. ह्या गेटावरच्या सहा वर्सांत एवढं बोललो नव्हतो. चार दिवसांनी इचारायचं बंद झालं. त्यांना सवय झाली. मला झाली न्हाई.

वाईट बातमी अशी, का बागेचं काम नव्या ठेकेदाराकडं चाललंय. तो आपली माणसं आणणार. माझं जानेवारीपर्यंत हाय म्हणत्यात. बघू.

रोपं जरा तगू द्या. नव्या वर्साच्या पहिल्या तारखेला रविवार येतोय, तवा खुटबावला घेऊन येतो. ह्या टायमाला हाक मारणार न्हाई. समोर येऊन उभा ऱ्हाईन.

मल्हारी

*

खुटबाव
१० जानेवारी २००६

मल्हारी यांना,

तुम्ही आणलेली अकराही टवटवीत आहेत. त्यांना विहिरीच्या पूर्वेला, शेवग्याच्या विरळ सावलीत ठेवलंय. माझ्या चाळीसातल्या नऊ लागल्या. नऊ आणि अकरा वीस. दादा स्वतः येऊन मोजून गेले. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून दोन गुंठ्यांना तारेचं कुंपण घालून दिलं.

मूळ झाड पडलं ते मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. आई मधे बसलेली होती, आणि तिला त्याचा फार त्रास झालाय. बावीस डिसेंबरला मशीन आलं. झाड फुलात होतं. दादा म्हणाले, घरी थांब. मी गेले. मला मशीनचा आवाज येत नाही, पण पायाखालची जमीन थरथरत होती, ते दातांपर्यंत आलं. एका धक्क्यात आडवं झालं. दहा वर्षांचं झाड, उपटायला चहा प्यायचा वेळसुद्धा लागला नाही. बाजूला ढीग केला होता. दोन दिवस मधमाश्या त्या ढिगावर येत होत्या. तिसऱ्या दिवशी फुलं काळी पडली, मग त्या यायच्या थांबल्या. मी मात्र आठवडाभर जात होते.

आता दुसरं. हे लिहायला मला दहा दिवस लागले.

एक तारखेला तुम्ही आलात, ठरल्याप्रमाणे समोर येऊन उभे राहिलात. रोपं उतरवलीत. आईनं चहा केला. ती कप घेऊन आत गेली, मग आपण ओट्यावर बसलो आणि तुम्ही बोलायला लागलात. बराच वेळ बोलत होता. आधी रोपांकडं बघत, मग हातांकडं, शेवटी माझ्याकडं. मी मान हलवत होते. तुम्ही टॉवेलनं तोंड पुसलं, उठलात, आईला नमस्कार केलात आणि गाडीला गेलात.

मला त्यातला एक शब्दही कळला नाही.

आईचे, दादांचे ओठ मला वाचता येतात. तुमचे दिसलेच नाहीत. तुमच्या मिशा फार मोठ्या आहेत, वरचा ओठ सगळा झाकतात, खालचाही अर्धा. पाटी आणायला उठणार होते. पण तुमच्या चेहऱ्याकडं बघून वाटलं, मी उठले तर हा माणूस थांबेल आणि पुन्हा सुरू होणार नाही. म्हणून बसून राहिले आणि मान हलवली. आयुष्यभर हेच करत आलेय. लोक बोलतात, मी मान हलवते, ते समाधानानं जातात. तुमच्याशी तसं करायला नको होतं. कशाला हो म्हटलं तेही मला माहीत नाही.

आईनं विचारलं, "काय म्हणत होते गं एवढा वेळ?" मी पाटीवर लिहिलं, खताचं.

काय बोललात ते लिहून कळवाल का?

गिता

*

कारेगाव
१९ जानेवारी २००६

गिताबाईंना रामराम.

ह्या टायमाला तुमी वर भाऊ लिवलं न्हाई. गडबडीत ऱ्हायलं असंल. मी दोन-तीनदा बघितलं.

मोठं झाड शेवटी मी बघितलंच न्हाई. तुमी पत्रात लिवलं तेवढंच मला ठावं.

त्या दिवशी तुमाला ऐकू येत न्हाई हे मला माहीत हुतं. तरी बोलत बसलो. तुमी मान हलवत हुता, मला वाटलं तोंडावरनं कळतंय. गाडीत बसल्यावर एकदम हलकं वाटलं हुतं. आता कळतंय का ते सगळं तुमच्या ओट्यावरच सांडलं.

काय बोललो ते लिवायला तीनदा बसलो. कागदावर आलं का ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं. शेवटी ठरवलं, जे तोंडानं बोललो ते तोंडानंच परत सांगायचं. म्हणून परवा सकाळी जाऊन मिशी काढली.

न्हावी आधी तयारच हुईना. वस्तरा हातात धरून म्हणला, "कोण गेलं, मामा?" मी म्हणलं, कुणी न्हाई, काढ. त्याला पटलं न्हाई. आपल्याकडं बापय माणूस मिशी कवा काढतो ते तुमाला सांगायला नको. मीबी बाप गेला तवाच एकदा काढली हुती. मी खोलीवर पोचायच्या आधी बातमी पोचली. घरमालकीण पार्वतीबाई दारातच उभी. "कुठं झालं? कवा झालं?" मी म्हणलं, "काय झालं न्हाई, मावशी." तर तिनं माझ्या पाठीवर हात ठिवला आन् म्हणली, "व्हय बाबा, व्हय. धीर धर." आन् तिच्याच डोळ्याला पाणी.

मग एकेक जण याया लागला. गेटावरचा वॉचमन ड्युटी बदलून आला. कॅन्टीनचे दोघं आले. न्हावी सवता दुकान बंद करून आला. शेजारच्या चाळीत बिहारची पोरं ऱ्हात्यात, ती दारात चपला काढून गप उभी ऱ्हायली. "चाचा, कुछ लगे तो बोलना." मी सगळ्यांना सांगत हुतो का कुणी गेलं न्हाई. जेवढं सांगावं तेवढी ती जास्त हळू बोलत. माझ्याकडं चटई एकच. माणसं उंबऱ्यावर, खिडकीत, जिथं जागा घावंल तिथं टेकली. मी मोजली, सतरा. ह्या खोलीत मी नऊ वर्सं हाय. एवढ्या दिवसांत हितं दुसरं माणूस बसलेलं मला आठवत न्हाई.

कोण गेलं, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं न्हाई. भाऊ म्हणावं का बहीण, कुणाला ठरवता येईना, कारण माझं कोण-कोण हाय हेच कुणाला ठावं न्हाई. एकानं इचारलं, पोरीला कळवलं का? तिचा नंबर कुणाकडं नव्हता. माझ्याकडं हाय तो जुना हाय.

घंटाभर बसली आन् उठून गेली. जाताना प्रत्येकानं खांद्याला हात लावला. पार्वतीबाईनं पिठलं-भाकरी आणून दिली, दुखवट्याच्या घरी चूल पेटवत न्हाईत म्हणून. मी नको म्हणलो न्हाई. दार लावून ती खाल्ली. तिखट बेताचं हुतं. खाता खाता मलाच कळंना का मी खोटं खातोय का खरं. शेवटी वाटलं, एवढी माणसं आली, तर गेलं असंल कोणतरी. मला उशिरा कळतंय एवढंच.

आता हितलं काम महिनाअखेरीला संपतंय. गेटावरची सहा झाडं नव्या माणसाच्या हवाली केली. हिराकस कवा घालायचं, बोअरचं पाणी का घालायचं न्हाई, सगळं भिंतीवर खडूनं लिवून ठिवलं. पुसलं जाईल तेवढे दिवस तरी ऱ्हाईल.

एकोणतीस तारखेला रविवार हाय. न्हावऱ्यावरनं चौफुल्याला सकाळची गाडी हाय, तिनं येतो. आईंना आधी सांगून ठिवा, न्हाईतर मला बघून त्याबी इचारतील कोण गेलं. ओट्यावरच बसू. मी उजेडाकडं तोंड करून बसन आन् सावकाश बोलन. लई न्हाई, चार वाक्यं हायेत. न कळलं तर हात वर करा, मी परत सांगन. चारदा, पाचदा, लागंल तेवढ्यांदा सांगन.

पण कळल्याबिगर मान हलवू नका.

मल्हारी